चिमणीचं पान

आईने मापांची जुनी वही चाळता चाळता एका पानावर बोट ठेवलं.

"ही चिमणी कोण गं?"

काजं करणाऱ्या लेकीची सुई थांबली. पानावर एकाखाली एक मापं होती, दर वर्षी थोडी वाढलेली. पाचव्या वर्षानंतर पान कोरं.

"शेजारी राहायची. ते लोक गेले गाव सोडून."

"तरीच. मला वाटलं, माझी शिलाई आवडली नाही."

"तुझी शिलाई न आवडणारा अजून जन्माला यायचाय."

"चढवू नकोस मला." आईने वही तशीच उघडी ठेवून मशीन चालवायला घेतलं. " त्या फ्रॉकच्या आत दोन बोटं कापड सोडलंस ना? पोरांचं अंग वाढतं. कितीदा सांगायचं..."

वाक्य अर्धंच राहिलं. आईची नजर खिळली, ओठ काही चघळत असल्यासारखे हलू लागले. लेकीने मशीनचं चाक धरलं, आईचं बोट सुईखालून अलगद काढलं आणि ती मनात आकडे मोजत राहिली. चाळीसला आईने पापण्या मिटल्या.

हात शिवण विसरणार नाहीत, डॉक्टर म्हणाले होते. घडून गेलेलं मात्र दर फिटबरोबर पुसट होत जाईल. आधी आईचं लग्न गेलं, मग नवऱ्याचं आजारपण. गेल्या वर्षी पाच वर्षांची धाकटी लेक गेली, दुसऱ्यांदा. तिच्याबरोबर आईचं उठून उठून पाण्याच्या टाकीचं झाकण बघणंही गेलं, आणि बावीस वर्षं चाललेलं ते, "माझंच लक्ष नव्हतं." घर हलकं झालं होतं. त्या हलकेपणाला थोरलीने कधी हात लावला नाही.

"काय म्हणत होते मी?"

"काही नाही. चहा टाकते."

ती परतली तेव्हा आई पिवळं कापड बेतत होती. वही अजून उघडीच होती.

"कोणाचं गं हे, आई?"

आईने कापडाला कात्री लावली.

सकाळी आई उठली नाही. झोपेतच फिट येऊन गेली असावी, डॉक्टर म्हणाले.

आठवड्याने लेकीने मशीनवरचं झाकण काढलं. आत पिवळा फ्रॉक होता, घडी घातलेला. तिने टेप लावली. छाती, उंची, बाही: पानावरचं शेवटचं माप, तंतोतंत. तिने फ्रॉक उलटा केला. शिवणीत वाढवायला बोटभरही कापड सोडलेलं नव्हतं.

ती आईच्या स्टुलावर बसली.

"आई," ती म्हणाली, "टाकीचं झाकण मी उघडं ठेवलं होतं."