शिशाचा पट्टा

दोन्ही हात वर, डोकं पाणबुड्यांच्या रबरी सूटच्या आत, आणि मी अडकले. दुकानातल्या कपडे बदलायच्या त्या एवढ्याशा खोलीत रबराचा वास नाकात शिरला आणि माझी पाचावर धारण बसली. ओरडायचं होतं, पण तोंडातून "बाबा" एवढंच पुटपुटलं गेलं.

पडदा लगेच सरकला. बाबांनी सूटच्या गळ्यातून साबणाचं पाणी ओतलं, दहा आकडे मोज म्हणाले, आणि मी सातवर असतानाच मला ओढून काढलं.

"पाण्याखाली मी नसेन, शहाणे."

एका श्वासात खोल बुडी मारायच्या वर्गात माझी निवड झाली होती, त्यामुळे घरभर माझा नुसता तोरा. दुकानातल्या बाईंनी जाड सूट सुचवला, तर मी आरशात सडपातळ दिसावं म्हणून पातळ घेतला, तोही एक माप लहान. आता बाबांनी पातळच, पण मापाचा घालायला लावला, पोट फुगवून श्वास घ्यायला सांगितला आणि बरगड्यांवर हात ठेवून पाहिलं. बसला एकदाचा.

मग मी ऐटीत कमरेला घरून आणलेला त्यांचा जुना पट्टा आवळला. शिशाचे आठ ठोकळे. तो बांधून बाबा वीस वर्षं बोटींच्या बुडाचे शिंपले खरवडत होते. कान गेला म्हणून काम सुटलं. तेव्हापासून आम्ही घरात त्यांच्याशी ओरडूनच बोलतो.

पट्टा पाहून बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बाकावर टेकले.

"जाड सूट पाण्यात वर उचलतो, म्हणून एवढं शिसं लागायचं. एकदा पातळ घेतला, पट्टा मात्र तोच ठेवला. वर यायला पाय मारतोय, तर खालीच चाललोय."

नावाड्याने केसांना धरून वर काढलं होतं म्हणे. त्यानंतर पाण्यात पाय घालायची हिंमतच झाली नाही.

"आईला मात्र कान गेल्याचं सांगितलं," ते म्हणाले.

बाबा घाबरतात हे मला माहीतच नव्हतं.

त्यांनी एकेक ठोकळा काढला. पट्ट्यावर दोनच ठेवले. तेसुद्धा आधी उथळ पाण्यात वर्गाच्या बाईंकडून तपासून घ्यायचे, असं दोनदा बजावलं. उरलेले सहा पिशवीत टाकले.

घरी येताना ते एका बाजूला झुकून चालत होते. शेजारून गाड्या जात होत्या. मी मागूनच, अगदी हळू विचारलं,

"बाबा, पिशवी धरू?"

"राहू दे," ते म्हणाले.