सोनेरी म्हणजे किती

गरम पाण्यात कालवलेला सोडा वितळलेल्या बटर-साखरेच्या पाकात ओतला, की फेस उसळतो आणि पातेल्याच्या काठाखाली बोटभर येऊन थांबतो. तीस वर्षांत तो एकदाही उतू गेलेला नाही. आमच्या घरात एवढं शिस्तीचं दुसरं कोणी नाही.

ओट्स आणि खोबऱ्याचा कीस मी मोजते, बिस्किटांचे गोळे मी वळते. भाजण्याचं खातं ह्यांच्याकडे. हे जन्मभर रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंग जुळवून देत होते. पांढऱ्याचे अकरा प्रकार नुसत्या नजरेनं ओळखायचे. त्यामुळे घड्याळ लावू देत नाहीत. ओव्हनच्या काचेला डोळा लावून उभे राहतात आणि "सोनेरी झाली!" म्हणत ट्रे बाहेर काढतात.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशन तेव्हापासून 'बघू'वर आहे. मोतीबिंदूमुळे सगळं पिवळसर दिसतं. बिस्किटं सोनेरी व्हायला पूर्वी अठरा मिनिटं लागायची. आता अकरा लागतात.

रविवारी लेक आली. तिनं एक बिस्कीट तोडायला घेतलं. ते तुटलं नाही, वाकलं.

"बाबा, हे बिस्कीट आहे की फडकं?"

"चांगली बिस्किटं आतून मऊच असतात."

"हे बाहेरूनही आहे. आई, तू काही बोलत का नाहीस?"

"दीड वर्ष बोलतेय. ह्यांचे कान अजून तपासायचे आहेत."

लेकीनं खणातून ह्यांचंच जुनं रंगांचं कार्ड काढलं आणि 'भाजका सोनेरी' ह्या चौकोनावर बिस्कीट ठेवलं. ते भिजवलेल्या पिठाच्या रंगाचं होतं.

हे वाकून बघत राहिले. "कार्ड काळवंडलंय."

"आणि हा पांढरा चौकोन?" मी विचारलं.

"पिवळा पडलाय. कागद जुना झाला."

"आणि हा रुमाल?" मी ट्रेजवळचा रुमाल पुढे केला.

"तोही जुनाच."

"सकाळी पुडक्यातून काढलाय. लेबलसुद्धा निघालेलं नाही."

ह्यांनी रुमाल हातात घेतला, उलटा केला. अंगठ्यानं लेबल चाचपलं. बराच वेळ चाचपलं.

"पांढरा आहे हा?"

"तुमच्या अकरांतला पहिला."

हे उठले. ट्रे पुन्हा ओव्हनमध्ये सरकवला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं, "किती मिनिटं?"

"सात."

घड्याळ ह्यांनी स्वतः लावलं. ते वाजेपर्यंत काचेकडे पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, "तूच बघ गं."

मी बघितलं. "झाली."

थोडं निवू दिल्यावर लेकीनं एक मोडलं. कट्कन आवाज आला. तो ह्यांना नीट ऐकू आला असावा.

"उद्या डॉक्टरांना फोन लाव," हे म्हणाले. "करून टाकू ऑपरेशन. आधी डावा डोळा. ओव्हनला मी तोच लावतो."