पलटणीची हजेरी

वंशज मंडळाची दरवर्षी एकच रीत. समाजमंदिरात महार पलटणीतल्या जुन्या जवानांची नावं पुकारायची आणि ज्याचा पूर्वज, त्याने उठून "हजर!" म्हणायचं. नातवंडं तर पत्रे उडतील असं ओरडायची! भिमाआजी मात्र आठ वर्षं मागच्या सतरंजीवर बसून नुसती ऐकायची. तिच्या बापाचं, सहादूचं, नाव यादीत नव्हतं. कागदच नव्हता. ती चार वर्षांची असताना तो लढाईवर गेला. ब्रह्मदेशात पडला असा निरोप आला आणि तिच्या आईने कुंकू पुसलं, एवढंच.

"यंदा नाव पुकारणार म्हणजे पुकारणार!" २००३च्या उन्हाळ्यात नववी पास झालेल्या तिच्या नातीने, चैतालीने, जाहीर केलं. पलटणीच्या दफ्तराला इंग्रजीत अर्ज तिनेच ठोकला. एक खाडाखोड नाही!

उत्तर आलं तेव्हा आजी ओट्यावर शेंगा सोलत होती. चैतालीने उभ्या उभ्याच लिफाफा फोडला आणि वाचता वाचता उडीच मारली.

"आजी! अगं, पणजोबा मेलेच नव्हते! सेहेचाळीस साली पलटणीतून धडधाकट सुटले. वर्तणूक उत्तम! देवळाली कॅम्पात अंगठा दिला आणि घरी..."

घरी तर कोणी आलंच नव्हतं.

आजीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"देवळालीत?" ती म्हणाली. "कॅम्पाचा बिगुल आमच्या दारात ऐकू यायचा, पोरी."

शेंग खाली ठेवून म्हणाली, "आय मरस्तवर पांढऱ्या कपाळानं राह्यली."

चैतालीला वाटलं, तो कागद चावून गिळून टाकावा. कशाला एवढी हुशारी केली आपण?

मंडळाचे नवनाथमामा मात्र जाम खूश. "भिमाबाई, पेढे काढा! उत्तम वर्तणूक म्हणजे चेष्टा हाय का?"

आजीने पेढे काढले नाहीत. पण कार्यक्रमाला आली. पहिल्या रांगेत बसवलं तिला.

"शिपाई सहादू पुंजा!"

महिनाभर आरशासमोर घोटलेलं "हजर" चैतालीच्या ओठांवर आलं होतं. आजीने तिचं मनगट धरलं आणि स्वतःच उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"नाय आला," ती म्हणाली.

मामांना वाटलं, म्हातारीला नीट ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा पुकारलं, मोठ्याने.

आजी खाली बसली. चैतालीचं मनगट तिने शेवटचं नाव होईपर्यंत सोडलं नाही.