दोन वर्तुळं आणि मधली जागा

त्या आठवड्यात तिसरीच्या वर्गाला दोन गोष्टी होत्या. पहिलीत खार लंगड्या कावळ्याला आपल्या ढोलीत घेते, आणि पुढे दुष्काळात तोच कावळा तिला पाणी दाखवतो. दुसरीत उंदीर भिजलेल्या चिमणीला दारातून हाकलतो, आणि पूर येतो तेव्हा त्याला सावध करायला कुणी येत नाही. बाईंनी फळ्यावर एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं काढली. दोन्ही कडांना फरक लिहायचा, मधल्या जागेत साम्य.

फरक भराभर आले. खार प्रेमळ, उंदीर आपमतलबी. मधल्या जागेशी मात्र गाडी अडली. एकाने सांगितलं की दोन्ही गोष्टींना चित्रं आहेत. वर्ग हसला, बाईही हसल्या.

मग शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. ही मुलगी वर्षभर तोंड उघडत नव्हती, म्हणून पोरांनी तिचं नाव मुद्दाम ‘बडबडी’ ठेवलं होतं.

“दोन्हीत कुणीतरी दाराबाहेर उभं आहे,” ती म्हणाली. “आणि दार उघडेल का, हे त्याला माहीत नाही.”

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं मधे लिहिलं. सतरा वर्षांच्या नोकरीत असं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं.

पण बडबडीला वाचता येत नव्हतं. गोष्टी ती ऐकून लक्षात ठेवायची. पुस्तक समोर आलं की अक्षरं तिच्या हातून निसटायची, कपाळावर घाम यायचा. तीन महिने बाई मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसत होत्या, एकेका अक्षराखाली बोट धरून. काल आलेलं आज पार पुसलेलं असायचं.

गुरुवारी वाचनाची तपासणी होती. साहेब येणार, घड्याळ लावून प्रत्येक मुलाकडून एक पान वाचून घेणार आणि वर्गाची सरासरी काढणार. मागच्या वर्षी हा वर्ग तळाला होता आणि मुख्याध्यापिकांना वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यांनी बाईंना बोलावलं. हुकूम असा काही दिला नाही. एखादं मूल त्या दिवशी आजारी पडलं तर आपला काय इलाज, एवढंच म्हणाल्या. बाईंनी सांगून पाहिलं की या मुलीला सगळ्या वर्गापेक्षा जास्त कळतं. कळण्याचा रकाना तपासणीच्या तक्त्यात नाही, असं उत्तर मिळालं.

बुधवारी शाळा सुटल्यावर बडबडीची आत्या तिला न्यायला आली. गुरुवारी हिला घरीच राहू द्या, बाई म्हणाल्या.

“मी आजारी आहे?” बडबडीने विचारलं.

बाईंनी तिच्या दप्तराचा पट्टा उगाच नीट केला आणि नाही म्हणाल्या.

तपासणी झकास झाली. वर्ग शाळेत दुसरा आला. साहेबांनी बाईंचं नाव घेऊन कौतुक केलं, आणि खरं सांगायचं तर बाईंना तेव्हा बरंही वाटलं.

शुक्रवारी बडबडी आली नाही. सोमवारीही नाही. मंगळवारी बाई तिच्या घरी गेल्या. लाँड्रीच्या मागे एक खोली होती, तिथे आत्या इस्त्री करत होती. हातातलं काम न थांबवता तिने सगळं सांगितलं. मुलीला आई नव्हती, बाप ट्रकवर. गुरुवारी दुपारी तो घरी आला, तर पोर घरात. का, म्हणून विचारलं, तेव्हा पोरीनेच सांगितलं, बाईंनी आज येऊ नको म्हटलंय. शनिवारी त्याने तिचे कपडे भरले आणि लांब गावी आपल्या आईकडे नेऊन सोडलं. म्हातारीला दिसत नाही, हाताशी कुणीतरी हवंच होतं. शाळा तिथून दोन तासांच्या चालीवर.

“तुम्हीच म्हणालात ना, घरी ठेवा,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसेना.

तिने भावाला फोन लावून दिला. पलीकडे इंजिनाचा आवाज होता. बाईंनी जमेल तशी समजूत घातली. मुलगी हुशार आहे, तिला परत आणा, मी स्वतः तिच्यासाठी खपेन. त्याने मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं.

“बाई, एवढी हुशार आहे तर गुरुवारी का नको होती?”

तो थोडा वेळ थांबला, मग ठेवतो म्हणाला आणि फोन बंद केला. नंतर बाईंनी दोनदा लावला, त्याने उचलला नाही.

महिनाअखेरीला पटावरून नाव कमी करायचा कागद आला. कारणापुढे बाई बराच वेळ पेन धरून बसल्या. मुख्याध्यापिकांनी दारातूनच सांगितलं, स्थलांतर लिहा. बाईंनी तेच लिहिलं. खालच्या अकरा मुलांचे हजेरी क्रमांक एकेकाने वर सरकले. दोन-तीन दिवस हजेरीला पोरं चुकत राहिली, मग त्यांना सवय झाली.