कोठारातली चिलखतं

सोमेशच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. कोल्हापुरातनं इंजिनिअर होऊन कुरुंदवाडला परत आल्यापासून, म्हणजे २००१ पासून दोन वर्षं, तो कॉम्प्युटरवर राजे-राक्षसांच्या लढाईचा गेम बनवत होता. सगळं घोडं अडलं होतं चिलखतापाशी. जड चिलखत घालायचं तर शिपायाचं कसब सात हवं, असा त्याचा नियम. पण गेम खेळून बघणाऱ्या धाकट्या बहिणीचं, शांभवीचं, सैन्य तिसऱ्या लढाईतच गारद व्हायचं. त्यानं सातावरून पाच केलं, पाचावरून तीन. तरी ये रे माझ्या मागल्या!

शेवटी चिडून तो तिच्या पाठीमागं खुर्ची ओढून बसला. बघतो तर शिपाई साध्या अंगरख्यात मार खात होते आणि कोठारात बारा चिलखतं चकाकत पडली होती.

"कसब भरलंय की सगळ्यांचं! घालत का न्हाईस?"

"नवीकोरी हायत, अण्णा. मोठ्या लढाईला असू देत म्हटलं."

"मेल्यावर घालणार हाईस काय गं? महिनाभर मी आकड्यांशी डोकं फोडतोय आणि तू चिलखतं जपून ठेवतीयास!" त्याच्या ओरडण्यानं गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

शांभवीनं माउस सोडला आणि भिंतीकडच्या ट्रंकेकडं बोट केलं.

"इंटरव्ह्यूसाठी घेतलेला तुझा शर्ट दोन वर्सं झाली त्यात पडलाय. तीन बोलावणी आली, घडी मोडली न्हाईस. त्याला किती कसब लागतंय, अण्णा?"