सतराशे ग्रॅमची तेन्री

मकास्सरच्या आमच्या इस्पितळात बेस्सेची मुलगी आली ती पाच दिवसांची, सतराशे ग्रॅमची, ओठ जांभळे पडलेली. हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी वाट जन्मतःच बंद होती. पोटातल्या बाळाला असते ती एक बारीक नळी तेवढी रक्त पोचवत होती. ती मिटू नये म्हणून आम्ही थेंब-थेंब औषध लावलं. पण त्याच्या दोनच कुप्या उरल्या होत्या, आणि जकार्ताहून येणारी खेप आलीच नव्हती.

डॉक्टर रांते म्हणाले, "मांडीच्या नसेतून तार नेऊन त्या नळीत स्टेंट बसवतो. एवढ्या लहान बाळाला मी कधी बसवलेला नाही."

"जरा मोठी होऊ द्या की," बेस्सेचा नवरा लाउप्पे म्हणाला. समुद्रशेवाळाची शेती करणारा माणूस, मिठानं हात फाटलेले.

"औषध उद्या सकाळपर्यंतच पुरेल, दाएंग," रांते म्हणाले; दाएंग म्हणजे आमच्याकडचं आदराचं 'दादा'.

आमच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात. बेस्सेनं काचेच्या पेटीला तोंड लावून तेव्हाच हाक मारली, "तेन्री!"

"अगं, अजून दोन दिवस आहेत," लाउप्पे म्हणाला.

"बिननावाची गेली तर हाक काय मारू? तुझं नाव घेऊ?"

स्टेंट बसवताना टेबलापाशी नर्स म्हणून मी होते. तार नळीच्या वळणावर दोनदा अडली. तिसऱ्यांदा शिरली आणि नळीच आवळली. ऑक्सिजन सत्तरवरून एकतीसवर आला, ठोके मंदावले. मी दोन अंगठ्यांनी छाती दाबू लागले.

"सर, सव्वीस."

"दिसतंय मला! हात काढ. एकच क्षण."

मी हात काढला. स्टेंट सरकला, फुगा फुगला. आकडा हलेना. मग तीस झाला. चाळीस. बऱ्याच वेळानं ऐंशी.

बाहेर बेस्से फरशीवर बसली होती. "सांगू नका, सिस्टर," ती म्हणाली.

"जिवंत आहे गं."

"शपथ घ्या."

संध्याकाळी तेन्रीचा उजवा पाय पांढरा पडला. तार गेलेल्या नसेत गुठळी झाली होती. रक्त पातळ करून पाय वाचवला, पण पुढच्या आठवड्यात तीन बोटं काळी पडून गेली.

"कापून खाल्लीत बोटं माझ्या पोरीची!" लाउप्पे रांतेंवर ओरडला.

बेस्सेनं नवऱ्याचा हात ओढला. "गप. ती रडतेय, ऐक. आधी तेवढाही दम नव्हता तिला."

हृदयातली बंद वाट उघडायचं मोठं ऑपरेशन ती वाढल्यावर व्हायचंय. तोवर स्टेंट टिकेल का, हे रांते सांगत नाहीत आणि बेस्से विचारत नाही.