न जोडलेले ठिपके

जर्मनीतल्या गार्चिंगच्या या घरात सकाळी आठनंतर माझ्याशी बोलायला कुणी नसतं. मुलगा हृषिकेश आणि सून स्वानंदी ऑफिसला जातात, नात अन्वी शाळेत. संध्याकाळी सगळे परत येतात, पण तिघांच्याही कानांत ती यंत्रं खुपसलेली. मी बोलायचं कुणाशी, भिंतींशी? एकदा बाल्कनीतून अन्वीला हाक मारली, तर हृषिकेश म्हणाला, "आई, इथे असं ओरडत नाहीत. बिल्डिंगची हाउसऑर्डनुंग आहे." आजीनं नातीला हाक मारायची नाही, हा कसला मेला नियम?

अन्वीला माझं मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. "जेवतेस का गं?" "श्पेटर." म्हणजे नंतर. झालं आमचं बोलणं.

म्हणून मागच्या आठवड्यात ती आपणहून माझ्याकडे आली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. शाळेत तिचं रेफेराट होतं, वर्गापुढे उभं राहून बोलायचं. विषय पहिल्या महायुद्धातले विमानांचे मोठे ताफे. "आजी, तुझी ठिपक्यांची रांगोळी," ती चक्क मराठीत म्हणाली. "विमानं कशी उडायची ते मला तसं दाखवायचंय."

तिनं पुस्तकातलं चित्र दाखवलं. पुढे एक म्होरक्या, मागे दोन्हीकडे तिरक्या लांब रांगा. तेव्हा विमानांत एकमेकांशी बोलायला रेडिओ नव्हता. इंजिनांचा आवाज इतका, की शेजारच्याची हाकही ऐकू येत नसे. मग म्होरक्या आपल्या विमानाचे पंख डावीकडे-उजवीकडे झुकवायचा, माझ्याकडे लक्ष द्या म्हणून.

"एवढे सगळे बरोबर, आणि प्रत्येक जण एकटा?" मी विचारलं.

"गेनाऊ," अन्वी म्हणाली. अगदी बरोबर.

अगं बाई, हे तर आमचंच घर! मी उठून रांगोळीचा डबा आणला.

बाल्कनीच्या फरशीवर आम्ही दोघींनी ठिपके काढले. किती तरी दिवसांनी ती माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. अंधार पडला म्हणून वर्गात दाखवायचा फोटो उद्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी घरात मी आणि ते ठिपके. बोडके दिसत होते हो! ठिपके काढून तसेच कुणी ठेवतं का? पोर खूश होईल म्हणून मी सगळे छान जोडून टाकले.

अन्वी शाळेतून आली आणि किंचाळलीच. "नाइन! नाही! आजी, हे काय केलंस? पंखाला पंख लागला तर दोन्ही विमानं पडतात! जोडायचं नसतं!" पुढचं सगळं जर्मनमध्ये, आणि खोलीचं दार धाडकन बंद. रेफेराट दुसऱ्याच दिवशी होतं.

आधी मला रागच आला. एवढं आकांडतांडव कशाला? पण मग वाटलं, आता ही पुन्हा काही मागायला माझ्याकडे येणार नाही.

कापसाचा बोळा ओला केला आणि खाली बसले. ठिपक्याला धक्का न लावता एकेक रेघ पुसली. गुडघे बोंबलत होते. जन्मभर जोडत आलेल्या हातांनी ते तोडताना रडू आलं, साफ सांगते. उजेड जायच्या आत सगळे ठिपके सुटे झाले. अन्वी बाहेर आली, फोटो काढला, "डांके, आजी," असं थँक्यू म्हणाली आणि आत गेली. दार या वेळी हळू लावलं.

सकाळी ती निघाली तेव्हा मी बाल्कनीत उभी होते. तिच्या कानांत यंत्रं, आणि मला हाक मारायची बंदी. पण रस्ता ओलांडण्याआधी तिनं वर पाहिलं. मी दोन्ही हात पसरले आणि डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले. समोरच्या बाल्कनीतली बाई बघत राहिली. बघेना का!

अन्वीनं आधी मैत्रिणींकडे पाहिलं. मग दप्तरासकट हात पसरले, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आणि स्टेशनकडे पळाली.

ती वळणाआड गेली तरी मी हात खाली घेतले नाहीत. आत घरात कुणीच नव्हतं.